पाहुणा लेखक आणि मुलांचे प्रश्न

शाळेत लेखक यावयाचा म्हणजे काय काय होते, हे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुलांस तोंडपाठ असते. आदल्या दिवशी पटांगण झाडून निघते, फळ्यावर रंगीत खडूने स्वागताची अक्षरे उमटतात, आणि स्वागतगीत बसविण्यासाठी चार मुलींना गणिताच्या तासातून सुटी मिळते. पाहुणे यावयाचे ते तासभर उशिरा येतात. मग प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, वाचनाच्या महत्त्वावर भाषण आणि आभारप्रदर्शन. मुले मांडी मोडून इतका वेळ बसलेली असतात की शेवटच्या टाळीबरोबर जो गलका होतो तो आनंदाचा, की सुटकेचा, हे ओळखणे कठीण. लेखक आला आणि गेला. त्याने काय लिहिले आहे हे पुष्कळांस त्या दिवशीही कळले नाही व पुढेही कळावयाचे नाही.

यात दोष कोणा एकाचा आहे असे नव्हे. पाहुण्याचा मान राखणे ही आपली रीत आहे व ती चांगलीच आहे. परंतु मान राखण्याच्या नादात पाहुण्याचा उपयोग करून घेणे राहून जाते. त्यातून तो लेखक शास्त्र जाणणारा आणि शिवाय कथा लिहिणारा असेल, तर हे नुकसान दुहेरी ठरते. कारण शाळेत जी दोन दालने एरवी बंद दाराने विभागलेली असतात, त्या दोहोंची किल्ली अशा लेखकाच्या हाती असते.

ही दोन दालने कोणती? एक शास्त्राच्या वहीचे, दुसरे निबंधाच्या वहीचे. पहिल्या वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी शीर्षके आखलेली असतात आणि त्यांखालील वाक्ये वर्गातील साऱ्या मुलांची एकसारखी असतात. दुसऱ्या वहीत 'मी पक्षी झालो तर' असा विषय असतो, आणि तेथेही बहुधा सारे पक्षी एकाच झाडावरून उडून एकाच देवळाच्या कळसावर बसतात. या दोन वह्यांमुळे मुलांच्या मनात दोन समजुती घट्ट बसतात. शास्त्रात कल्पनेला जागा नाही, ही पहिली. कथेत खऱ्याची जबाबदारी नाही, ही दुसरी. दोन्ही सारख्याच चुकीच्या आहेत, आणि पहिली विशेष घातक आहे. कारण कल्पनेवाचून प्रश्न सुचत नाही, व प्रश्नावाचून शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही.

मराठीत या दोन वह्या एकत्र बांधणाऱ्या माणसांची परंपरा लहान नाही. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी 'केरळकोकिळ' मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची कथा मराठी वाचकांपुढे ठेवली. १९२८ साली पुण्यास 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले, व शास्त्र मराठीत सांगता येते याची साक्ष त्याने महिन्यामागून महिने दिली. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांच्या हाती दिल्या. १९६६ साली मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, व तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. परंतु शाळेत जाऊन मुलांसमोर उभे राहणाऱ्या लेखकाचे नमुनेदार उदाहरण पाहावयाचे, तर ते जयंत विष्णु नारळीकर यांचेच घेतले पाहिजे. २० मे २०२५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले, त्यावेळी ते शहाऐंशी वर्षांचे होते.

नारळीकर हे केंब्रिजला शिकलेले विश्वरचनाशास्त्रज्ञ. १९८८ साली पुण्यास 'आयुका' ही ज्योतिर्विज्ञानाची संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. हे सारे सर्वश्रुत आहे. त्यांच्या कथालेखनाचा आरंभ मात्र किंचित खोडकरपणाने झाला. अहमदाबादेस एका परिसंवादात एक व्याख्यान कंटाळवाणे होऊ लागले, तेव्हा समोरच्या कागदावर त्यांनी टिपणे घेण्याऐवजी कथा लिहावयास घेतली. पुढे ती १९७४ साली विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली व नारायण विनायक जगताप असे नाव धारण केले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाबाईंकडून कथा उतरवून घेतली. 'कृष्णविवर' या त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या वळणाच्या लेखनाची दखल घेतली. जगन्मान्य शास्त्रज्ञाने आपले नाव झाकून परीक्षेस बसावे, ही गोष्ट शाळेतील मुलांस सांगण्याजोगी आहे. परीक्षेचे भय बाळगणाऱ्यांस तर ती अवश्य सांगावी.

मुलांसमोर व्याख्यान झाले की नारळीकरांभोवती सह्या मागणाऱ्यांचा गराडा पडे. ते सही देत नसत. मुलांस ते सांगत की तुमच्या मनात शास्त्राविषयी जो प्रश्न असेल तो पोस्टकार्डावर लिहून मला धाडा. मी उत्तर पाठवीन आणि त्या उत्तराखाली माझी सही असेल. कार्डे येत आणि उत्तरे जात.

ही युक्ती वरवर पाहता साधी दिसते. पण तिचा उलगडा करून पाहिला म्हणजे तिच्यात किती शहाणपण साठविले आहे ते कळते. सही मागावयास काही लागत नाही, कागद पुढे केला की झाले. प्रश्न लिहावयास मात्र आधी आपणांस काय कळले नाही हे कळावे लागते. पोस्टकार्डाची जागा बेताची, तेव्हा प्रश्न नेमका करावा लागतो. इकडची तिकडची प्रस्तावना त्यात मावत नाही. कार्ड उघडे असते, वाटेत पोस्टमनही वाचतो, म्हणून भाषा नीट ठेवावी लागते. शिवाय सभेत उठून विचारण्याचे धैर्य ज्या मुलास, आणि खेड्यात तर विशेषतः ज्या मुलीस नसते, तिलाही घरी चुलीपाशी बसून चार ओळी लिहिता येतात. सभेत नेहमी पहिल्या रांगेतील तीच ती दोन मुले प्रश्न विचारतात. पोस्टकार्डाला रांग नसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की पाहुणा निघून गेल्यावर भेट संपत नाही. ती तेथून सुरू होते. आठ-पंधरा दिवस ते मूल टपालाची वाट पाहते. तोवर तो प्रश्न त्याच्या डोक्यात घोळत असतो, आणि उत्तर हाती येण्यापूर्वीच कित्येकदा त्याने स्वतः अर्धे शोधून काढलेले असते.

असा प्रश्नांना जागते ठेवण्याचा संस्कार नारळीकरांवर त्यांच्या बालपणीच झाला होता. वडील काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक; बनारसच्या त्या घरात भिंतीवर मुलांसाठी फळे केलेले होते. मामा मोरेश्वर हुजुरबाजार तेथे शिकावयास राहिले असता ते फळ्यावर एखादे अवघड उदाहरण 'जयंतासाठी आव्हान' म्हणून लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार कबूल करीपर्यंत फळा पुसला जात नसे. तोंडाने कोणी काही विचारीत नसे. पण येता जाता ते उदाहरण समोर दिसे.

आता दुसरा मुद्दा. शास्त्रज्ञ-लेखक वर्गात आला, त्याने मुलांस कथा लिहावयास सांगितली, तर ती कथा निबंधाच्या वहीतील पक्ष्याहून निराळी कशी व्हावी? विज्ञानकथेचा एक अलिखित करार आहे. लेखकाने एकच गोष्ट मानून घ्यावयाची. जी आज घडत नाही अशी. ती एकदा मानली की पुढचे सारे निसर्गाच्या नियमांप्रमाणे चालले पाहिजे. मध्येच अडचण आली म्हणून दुसरे खोटे घुसडावयाचे नाही. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतच्या लढाईचा निकाल उलटा लागलेले एक वेगळे जग आहे. तेवढे मान्य केले की मुंबईतील रस्ते, कंपन्या, पुस्तके सारे त्या एका फरकाच्या मागोमाग ओळीने बदलत जाते. करार मोडत नाही, म्हणूनच वाचकाला ते खरे वाटते.

हा करार मुलांस समजावून देण्यास परग्रहाची अथवा यानाची मुळीच आवश्यकता नाही. किन्हीराजाचेच उदाहरण घेऊ. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील हे गाव. भोवताली काळी जमीन, शेतात सोयाबीन, तूर, कपाशी. समजा, बाजाराच्या दिवशी दुपारी बरोबर बारा वाजता गावातील घर्षण तासभर नाहीसे झाले. एवढे एकच खोटे. आता पुढे काय होईल ते मुलांनी सांगावयाचे.

पहिल्याने मुले म्हणतात, माणसे घसरून पडतील. बरोबर. मग कोणी म्हणतो, बैलांचे खूर निसटतील व बंडी जागची हलणार नाही. दुसरा म्हणतो, जी बंडी आधीच चालू आहे ती थांबणार नाही. दोन्ही बरोबर, आणि दोहोंतील विरोध केवळ वरवरचा आहे, हे मुलांनीच वाद घालून ठरविलेले बरे. नंतर खरी मौज सुरू होते. धान्याची रास उतरती का राहते? दाण्याला दाणा अडतो म्हणून. घर्षण गेले की तुरीची रास पाण्यासारखी सपाट पसरेल. पोत्याच्या तोंडाची गाठ सुटेल. पोते ज्या सुतळीचे विणलेले आहे ती सुतळी सरकू लागेल. अंगातल्या सदऱ्याचीही तीच गत, आणि येथे वर्गात हशा पिकतो. आगकाडी पेटीवर ओढली तरी पेटणार नाही. भिंतीतील खिळा धरून राहणार नाही. शाळेत मास्तर खडू फळ्यावरून फिरवितील, पण अक्षर उमटणार नाही. तेव्हा त्या तासाभरात अभ्यास नाही, ही गोष्ट मुले आपण होऊन जोडतात.

मग एखादा मुलगा लिहितो की हा गोंधळ पाहून एका चोराने गल्ल्यातील पैसे उचलले व तो धावत सुटला. येथे लेखकाने किंवा शिक्षकाने एवढेच विचारावे: तो धावला कसा? आणि त्या आधी, नोट त्याच्या बोटांत राहिली कशी? लिहिणारा खजील होत नाही. उलट चोराला पकडण्याचा उपाय आपल्याच कथेत सापडला म्हणून हरखतो. घर्षणाची व्याख्या पाठ म्हणून दाखविणाऱ्या मुलांपैकी किती जणांस ते आपल्या सदऱ्यातही आहे याची जाणीव असते? या एका तासात ती होते, आणि भाषेच्या शिक्षकास हवे असलेले कथानक, क्रम, कार्यकारण हेही साधते. व्याकरणाच्या चुका तेवढ्या राहतात. त्या दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतात.

वऱ्हाडाच्या या भागात कल्पना आणि शास्त्र यांची सांगड घालणारे एक प्रचंड स्थळ फार दूर नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. तेथे सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा, वाटोळा, खोल खळगा असून त्याच्या तळाशी खारे पाणी आहे. जुनी कथा सांगते की तेथे भूमीच्या पोटात लवणासुर दडून बसला होता व विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला. दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर लोणार गावात आजही उभे आहे. या कथेला हसण्याचे कारण नाही. एवढा मोठा खळगा येथेच का, पाणी खारटच का, हे दोन प्रश्न ज्यांनी विचारले त्यांनीच ती रचली, आणि प्रश्न दोन्ही अचूक होते. लवण या नावातच पाण्याची चव आली आहे.

१८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे दीर्घकाळ पुष्कळांचे मत असे की हे ज्वालामुखीचे मुख असावे. भोवती सारा बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचाच खडक, तेव्हा ते मत स्वाभाविक होते. परंतु तळाशी छिद्रे घेऊन जे खडक वर काढले त्यांत प्रचंड आघातानेच उत्पन्न होणारी काच सापडली, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आकाशातून येऊन पडलेल्या अशनीच्या बाजूने कौल दिला. हा आघात केव्हा झाला याविषयी मात्र मते बदलत गेली. एका पद्धतीने वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास आले, नंतर दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार निघाले. असुर, ज्वालामुखी, अशनी, अशा तीन कथा एकाच खळग्याच्या. तिसरी टिकली ती अधिक रंजक म्हणून नव्हे. तिला खडकाची साक्ष मिळाली म्हणून.

जून २०२० मध्ये तर लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. त्या दिवसांत किती कथा उठल्या असतील याची कल्पनाच करावी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा मिठात रमणारे व रंगद्रव्य निर्माण करणारे सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचे दिसून आले. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यांची चंगळ होते. लेखकाने येथे मुलांस दोन परिच्छेद लिहावयास सांगावेत. पहिला त्या सकाळी काठावर गेलेल्या गुराख्याचा, दुसरा बाटलीत पाणी भरून नेणाऱ्या संशोधकाचा. दोघांनी पाहिलेले पाणी एकच. पहिला परिच्छेद लिहिताना डोळे लागतात व दुसरा लिहिताना शंका. आणि चांगली मुले पहिल्यात शंका व दुसऱ्यात डोळे घालतातच.

वाशिमच्या मातीला हे नवे नाही, असेही म्हणता येईल. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त एक रूपक रचले आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघतो, गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा विवाह होतो. ज्या जिल्ह्यात काव्याचे लग्न लागले, तेथे शास्त्राच्या वहीने निबंधाच्या वहीशेजारी बसावयास हरकत नसावी.

लेखक म्हणजे केवळ कथाकारच असे मात्र नव्हे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली बाहेर पडलेले अभियंते; पुण्याच्या मोटार-कारखान्यातून रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या शास्त्रशिक्षणाच्या उपक्रमात गेले, आणि तेथे गावच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी प्रयोग शोधले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या, एवढेच साहित्य. तीन काड्या नळीच्या तुकड्यांनी जोडल्या की त्रिकोण होतो. दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. छपराची कैची त्रिकोणी का असते याचे उत्तर हाताच्या बोटांना कळते, डोक्याला मागाहून. अशा खेळण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली, हजारो शाळांत जाऊन ती करून दाखविली, व पुढे आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कित्येक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या भेटीत श्रीफळ फोडावयास सवड नसे. मुलांचे हात गुंतलेले असत. आणि खेळणे करून झाल्यावर 'हे तुझ्या धाकट्या भावास लिहून कळव' असे म्हटले, की मुलास लेखनाचे अवघडातील अवघड काम मिळते. समोर वस्तू नसलेल्या माणसास ती शब्दांनी घडवून द्यावयाची. ललित निबंधात जे खपून जाते ते येथे खपत नाही. एक वाक्य मागेपुढे झाले की भावाचा त्रिकोण जुळत नाही.

परदेशांतही हा मार्ग जुनाच आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा १८२५ पासून चालू आहे. मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या हिवाळ्यात एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली व त्यांचे पुस्तक आजही वाचले जाते. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल हे तर कादंबरीकारही होते. त्यांचा एक प्रसंग नभोवाणीच्या श्रोत्यांस विशेष रुचेल. २८ मार्च १९४९ रोजी बी.बी.सी.वरील भाषणात, विश्व एका क्षणी एकदम उत्पन्न झाले या मतास त्यांनी 'बिग बँग', म्हणजे मोठा धडाका, असे म्हटले. हे मत त्यांस मान्य नव्हते. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभे राहावे म्हणून वापरलेला तो शब्द जगभर त्या सिद्धांताचे नाव होऊन बसला. विरोधकाने केलेले हे बारसे! नभोवाणीवरील भाषणे छापणाऱ्या 'लिसनर' या पत्रात ते भाषण तेव्हा छापूनही आले. हॉइल यांचे मत पुढे मागे पडले आणि नारळीकरही अखेरपर्यंत बहुसंख्यांच्या बाजूस गेले नाहीत. मुलांना हे कळले पाहिजे. शास्त्रज्ञ म्हणजे सर्व उत्तरे खिशात बाळगणारा पुरुष, अशी जी मूर्ती पाठ्यपुस्तके उभी करतात, ती प्रश्न विचारण्याच्या मुळावर येते.

आता अडचणींचा विचार. पुण्या-मुंबईचा लेखक किन्हीराजाला येणार कसा? रेल्वे त्यास वाशिमला किंवा अकोल्याला सोडील, पुढे एस.टी. २०२२ पासून समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जाऊ लागला आहे, पण त्यावरून जाणारे बहुतेक जण वाशिम जिल्हा केव्हा लागला व केव्हा संपला हे न कळता नागपुरास पोचतात. मान्य केले पाहिजे की आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होत आली, त्यांचा लाभ पुण्याच्या मुलांस झाला. मालेगाव तालुक्यातील मुलास पुणे हे लोणारच्या अशनीइतकेच दूर. आणि ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या नावाने एक कपाट व त्यात तडकलेली परीक्षानळी असते, तेथेच अशा भेटीची गरज अधिक असते. हे अंतर सुस्काऱ्यांनी कमी व्हावयाचे नाही.

म्हणूनच पोस्टकार्डाचे महत्त्व. लेखक एकदा येऊ शकेल अथवा मुळीच येणार नाही; परंतु त्याचे एखादे पुस्तक वर्गात मोठ्याने वाचून दाखविता येते, त्यावर मुलांचे प्रश्न घेता येतात आणि ते लेखकाकडे धाडता येतात. पूर्वी अशा कामास जोडकार्ड फार सोयीचे पडे. आज शाळेने उत्तराचे कोरे कार्ड सोबत ठेवले तरी तेच साधेल. मराठी विज्ञान परिषदेचे विभाग महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत; जवळपासच्या गावात राहणारा एखादा विज्ञानलेखक, शेतकी महाविद्यालयातील प्राध्यापक, पशुवैद्य, यांपैकी कोणी लिहिणारा असेल तर तोही पाहुणा म्हणून पुष्कळ आहे. प्रसिद्धीचे वलय नसलेला पाहुणा वेळेवर येतो, हाही त्याचा एक गुण.

भेट ठरली तर शाळेने तीन-चार आठवडे आधी तयारी करावी, आणि ती पटांगणाची नव्हे. लेखकाची एक कथा तरी मुलांनी वाचलेली असावी. प्रत्येकाने एक प्रश्न लिहिलेला असावा, आणि तो घरच्या बोलीत लिहिला तरी चालेल असे त्यास स्पष्ट सांगावे. 'इज पडते तवा उजेड पयले अन् आवाज मंग, असं काहून?' हा प्रश्न प्रमाण भाषेत नाही म्हणून कमी प्रतीचा ठरत नाही. त्याचे उत्तर असे की प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो आणि ध्वनी जेमतेम तिसरा हिस्सा किलोमीटर. म्हणून उजेड दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावेत, तिनाने भागावे, वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. हे उत्तर मिळालेला मुलगा पुढच्या पावसात ओसरीवर बसून आकडे मोजील आणि आजीला सांगेल की ही वीज पार चार किलोमीटरवर होती. उत्तर प्रमाण भाषेत देता येते. प्रश्न मात्र ज्या भाषेत सुचला त्याच भाषेत आला पाहिजे, नाहीतर तो वाटेतच मरतो.

भेटीच्या दिवशी भाषण वीस मिनिटांहून अधिक नसावे. उरलेला वेळ मुलांच्या हातांचा व लेखणीचा. मुलांना शेतातून सोयाबीनचे एक रोप मुळासकट आणावयास सांगावे, मुळावरील गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी निघाली तर त्या गाठीतील जिवाणू हवेतील नत्र बांधून पिकाला देण्याचे काम करीत आहेत असे समजावे. मग त्या गाठीतील जिवाणूने झाडाशी केलेला सौदा लिहावा. साखर कोणी द्यावयाची, नत्र कोणी, आणि कोणी कोणास फसविले तर काय? शेतकऱ्याच्या मुलाला वाट्याने केलेली शेती ठाऊक असते. तो हा सौदा शहरातील मुलापेक्षा चांगला लिहील.

येथे एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो शिक्षकांचाच असतो. अभ्यासक्रम संपत नाही, परीक्षेत जिवाणूंचा सौदा विचारीत नाहीत, मग या गप्पांस वेळ कोठून आणावयाचा? आक्षेप खोटा नाही. परंतु नत्रस्थिरीकरणाचा पाठ एरवीही दोन तास खातोच, व परीक्षेनंतर चार दिवसांत विसरला जातो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कथेच्या गोडीने चुकीचे शास्त्र मुलांच्या मनात जाऊन बसले तर? हे भय अवश्य बाळगावे. म्हणून प्रत्येक कथा वाचून झाल्यावर, यातील मानून घेतलेले एक कोणते व खरे कोणते, हे मुलांनी दोन रकान्यांत मांडावे. एकाहून अधिक मानलेले निघाले तर कथा परत दुरुस्तीस जाते. ही दुरुस्ती मुले एकमेकांची फार कडक करतात. लेखक इतका कठोर होऊ शकणार नाही.

पाहुण्याच्या हातून जे प्रश्न सुटले नाहीत, अथवा ज्यांस त्याने प्रामाणिकपणे 'हे मला ठाऊक नाही' असे उत्तर दिले, त्यांची व्यवस्था काय? बनारसच्या त्या घरातील रीत येथे उपयोगी पडेल. वर्गातील फळ्याचा डावीकडचा वरचा कोपरा खडूने चौकट आखून वेगळा करावा, त्यात त्यांपैकी एक प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या नावासह व तारखेसह लिहावा, आणि रोज फळा पुसणाऱ्या मुलास सांगून ठेवावे की तेवढी चौकट पुसावयाची नाही.